पाचव्या दाराचा फॉर्म

रविवारी आमच्याकडे उजाडतं उशिरा. त्या दिवशीही साडेआठ वाजून गेले होते, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, लेक न्हाणीघरात शिरली ती तिकडचीच झाली होती आणि आमचे हे पेपर वाचत होते. ह्यांचं पेपर वाचणं म्हणजे दर दहा मिनिटांनी पानाआडून "अजून अर्धा कप होईल का गं?" एवढं विचारणं. मी म्हटलं, "होईल की. पातेलं तिथेच आहे, गॅसही तिथेच आहे." पान हललं नाही.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. आधी दोनदा, मग जरा थांबून एकदा.

आमच्या दाराला चांगली बेल आहे. ती सोडून टकटक करणारं माणूस इमारतीत एकच, समोरच्या ताई. बेल वाजली की लोक दूधवाला समजून दार अर्धवट उघडतात आणि अर्धवट दारातून धड उत्तर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पंधरा वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते, माझी त्यांच्याकडे.

दार उघडलं. ताईंच्या खांद्याला कापडी पिशवी, हातात पुठ्ठ्याची फाइल, गळ्यात दोरीला बांधलेलं पेन. कुर्त्याला इस्त्री नव्हती. गेले पाच आठवडे नसतेच.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "मी महाविद्यालयातून आले आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या पाहणीची पडताळणी करायची आहे. तुमची पाच मिनिटं मिळतील का?"

"ताई, आत या की. हे काय परक्यासारखं?"

"पडताळणीत आत यायचं नसतं. मिळतील का, तेवढं सांगा."

"हो म्हण गं," हे पेपराआडून म्हणाले, "नाहीतर नापास करतील."

एरवी ताई ह्यावर हसल्या असत्या आणि वर दोन शब्द ऐकवून गेल्या असत्या. त्या फाइल उघडत राहिल्या. मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणत होत्या.

ताई कॉलेजात मुलांना संशोधनपद्धती शिकवतात. एकतीस वर्षं झाली. समाजशास्त्र, राज्यशास्त्र असे विषय घेऊन येणाऱ्या पोरांना वाटत असतं की आता आपण जगाबद्दल बोलायचं. दुसऱ्या वर्षाला ताई भेटतात आणि कळतं, की आधी मोजायचं आणि मग बोलायचं. हा विषय हौसेने घेणारं मूल अजून जन्माला यायचंय, असं त्या स्वतःच सांगतात. मुलांनी त्यांचं नाव ठेवलंय 'कशावरून मॅडम'. वर्गात कोणी काही म्हटलं, की त्यांचा एकच शब्द. 'मॅडम, हल्लीची मुलं वाचत नाहीत.' कशावरून? 'मॅडम, बस नव्हती म्हणून उशीर झाला.' कशावरून?

पहिल्या तासाला त्या पुस्तक उघडत नाहीत. विचारतात, आत्ता वर्गात यायला किती पायऱ्या चढलात? कोणी वीस म्हणतं, कोणी चाळीस. मग सगळ्यांना मोजायला पाठवतात. मोजून आल्यावरही तीन निरनिराळे आकडे निघतात, कारण वळणावरची सपाट जागा काहींनी पायरी धरलेली असते, काहींनी नाही, आणि दोघं-तिघं मोजता मोजता गप्पांना लागलेले असतात. 'पायरी कशाला म्हणायचं ते आधी ठरवा,' ताई म्हणतात, आणि तास संपतो.

हे मला एवढं माहीत, कारण दर वर्षीच्या प्रश्नावलीचा कच्चा खर्डा माझ्या स्वयंपाकघरात तपासला जातो. मुलं प्रश्न लिहितात, ताई ते मला विचारतात, मी ओट्याशी उभी राहून उत्तरं देते आणि कुठे अडखळले ते त्या टिपून घेतात. मी बी.ए. झालेय, पण हा विषय आमच्या वेळी नव्हता. तो मी असा शिकले. एकदा एका मुलाने प्रश्न लिहिला होता, 'तुमचे पती घरकामात मदत करतात का?' ताईंनी त्याला म्हणे विचारलं, "मदत म्हटलंस म्हणजे काम बाईचं हे तू आधीच ठरवलंस. मग विचारतोस कशाला?" मी तेव्हापासून ह्यांच्याकडे मदत मागणं सोडून दिलं. सरळ काम सांगते. फरक एवढाच, की तेही आता सरळ नाही म्हणतात.

पाहणीचे नियम कडक. गल्ली चिठ्ठी टाकून काढायची, त्या गल्लीत दारं मोजत जायचं आणि दर पाचवं दार घ्यायचं. यंदा चिठ्ठीत आमचीच गल्ली निघाली. आपली म्हणून ती काढून टाकणं ताईंच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. त्यांचं स्वतःचं दार पाचव्यात येत नव्हतं, एवढं बघून त्यांनी ती ठेवली. आणि पाचव्या दाराने नाही म्हटलं, तर 'नाही' लिहून पुढे जायचं. शेजारचं दार वाजवायचं नाही. "नाही म्हणणारी माणसं वेगळी असतात," त्या सांगायच्या. "त्यांच्या जागी हो म्हणणारी भरलीत, तर एकेक उत्तर खरं असूनही सगळा हिशेब खोटा होतो."

मुलांनी भरलेल्या फॉर्मपैकी दहात एक ताई स्वतः दारोदार जाऊन तपासतात. तेव्हा मूळ फॉर्म पाकिटात बंद असतो. हातातल्या चिठ्ठीवर फक्त फॉर्मचा नि दाराचा क्रमांक आणि फॉर्ममधली चार साधी उत्तरं असतात, तीही वर्गातलं कोणीतरी उतरवून देतं. सगळं वाचून गेलं की आपणच समोरच्याच्या तोंडात उत्तर घालतो, म्हणून ही सोय. गेल्या वर्षी दोन पोरांनी उपाहारगृहात बसून चाळीस फॉर्म भरले होते. चाळीस घरांत एकही म्हातारं माणूस नव्हतं, त्यावरून सापडले. अशा फॉर्मवर 'कपोलकल्पित' असा शिक्का बसतो, त्या मुलाचे सगळे फॉर्म जातात आणि विषय पुढच्या वर्षी पुन्हा.

यंदाचा विषय होता घरकामाची वाटणी.

आता भाऊजींबद्दल सांगायला हवं. भाऊजी म्हणजे ताईंचे यजमान. नकाशे काढायच्या कचेरीत होते, चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि घर हातात घेतलं. सकाळचा पहिला चहा त्यांचा. इस्त्री त्यांची, खिडकीपाशी टेबल लावून ताईंचे कुर्ते नकाशासारखे सपाट करायचे. विजेला मात्र हात लावायचे नाहीत. लहानपणी कधीतरी झटका बसला होता. बल्ब बदलायचा असला की ताई खुर्चीवर आणि भाऊजी खाली खुर्ची धरून. "आमच्यात उजेडाचं खातं हिच्याकडे," म्हणायचे, "माझ्याकडे नुसती वाफ." हृदयाचं दुखणं होतं, गोळ्या चालू होत्या. पण दाराशी कोणीही येवो, एक गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडत नसत.

पाच आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी, दुपारी तीन-सव्वातीनला, एक मुलगी आमच्याकडे आली. लांब वेणी, हातात लिहायची पाटी, पाटीचा चाप तुटलेला म्हणून कागदांना रबर लावलेलं. "काकू, तुमचं पाचवं दार आलंय," म्हणाली.

मी तर खर्ड्याच्या वेळीच सगळी उत्तरं देऊन बसले होते. प्रश्न पाठ असलेल्या बाईने पुन्हा उत्तरं द्यायची म्हणजे फुटलेला पेपर सोडवण्यासारखं. शिवाय गॅसवर दूध होतं. मी आपलं शहाणपण दाखवलं. म्हटलं, "अगं, मी ह्याची उत्तरं आधीच दिलीत, माझं चालायचं नाही. समोर जा. काका घरीच आहेत आणि बोलायला त्यांना लागतंच कोणीतरी."

पोरगी घुटमळली. दिवसभर नकार ऐकून चेहरा उतरलेला. शेवटी मीच पुढे होऊन समोरची बेल दाबली. भाऊजींचा आवाज आला, "ये, ये. उन्हातून आलीस? आधी बस. प्रश्न काही पळून जात नाहीत." त्या मुलीला ते घर कोणाचं, काही कल्पना नव्हती. दारावर पाटी भाऊजींच्या नावाची आणि कॉलेजात ताई माहेरचं नाव लावतात. मी दार लावून घेतलं, दूध उतरवलं आणि जरा आडवी झाले. ती मुलगी कधी गेली, मला कळलं नाही.

ताई रोज पाचला घरी येतात. त्या दिवशी पावणेसातला आल्या. मुलांचे फॉर्म यायला लागले होते, त्यांना क्रमांक घालत बसल्या होत्या. आल्या तेव्हा भाऊजी खुर्चीत होते. चष्मा डोळ्यांवर, हात मांडीवर, आणि गेलेले.

डॉक्टर म्हणाले, "दोन तास झाले असतील. जास्तही असतील."

"कशावरून?" ताईंनी विचारलं.

तो शब्द मी त्यांच्या तोंडून हजार वेळा ऐकलाय. डॉक्टर म्हणाले, "बाई, नक्की नाही सांगता येत."

मग ताई माझ्याकडे वळल्या. "तुला काही आवाज आला? बोलल्याचा, पडल्याचा, कसलाही?"

मी म्हटलं, "नाही."

मुलगी येऊन गेल्याचं ओठांवर होतं. पण मला टाळायचं होतं म्हणून दुखणाईत माणसाच्या गळ्यात परकी पोरगी बांधली, त्याला बोलत बसवलं, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हटलं, नंतर सांगू. नंतर सांगायला जे राहतं ते राहतंच.

आठव्या दिवशी ताई वर्गावर गेल्या. रडताना त्यांना कोणी पाहिलं नाही. जिन्यात भेटल्या तर "काय गं" म्हणतात, पण उत्तराला थांबत नाहीत. सकाळचा चहा घरी घेत नाहीत, कॉलेजात गेल्यावर घेतात. दुधाच्या अजून दोन पिशव्या येतात, एक बंद करायची राहून गेलीय. जास्तीची माझ्या ओट्यावर आणून ठेवतात आणि जातात. एकदाच बोलल्या. पिशवी ठेवता ठेवता म्हणाल्या, "तो एकटा किती वेळ होता, तेवढं कळत नाही." दुकान बंद होतं, असं सांगावं तसं म्हणाल्या आणि गेल्या.

तर अशा त्या ताई त्या रविवारी आमच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

"दार क्रमांक अकरा," त्यांनी चिठ्ठीवरून वाचलं. "पाच आठवड्यांपूर्वी, मंगळवारी दुपारी, ह्या घरी आमची विद्यार्थिनी आली होती का?"

"आली होती."

त्यांनी खूण केली. "घरात माणसं दोन?"

"तीन आहोत की. तुम्हाला माहीत नाही का ताई?"

"मला माहीत असण्याचा इथे संबंध नाही," त्या म्हणाल्या आणि 'नाही' लिहिलं. "सकाळचा पहिला चहा घरातला पुरुष करतो?"

पेपर खाली आला. "कुठल्या घरात?" ह्यांनी विचारलं.

"नाही," ताईंनी लिहिलं. "कपड्यांना इस्त्री पुरुष करतो?"

"एकदा केली होती मी," हे म्हणाले. "शर्ट गेला."

"नाही."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. मी ताईंकडे बघत होते. कुठलंसं लांबचं घर असावं तशा त्या वाचत होत्या. पेनाचं टोक ओळीवर ठेवून, एकेक शब्द सुटा.

"बल्ब बदलणं वगैरे विजेची बारीकसारीक कामं घरातली बाई करते?"

मी त्यांच्या खांद्यावरून समोरच्या दाराकडे बघितलं.

"तुमच्या घरात," त्या म्हणाल्या.

"आमच्याकडे हे करतात."

"नाही." त्यांनी चिठ्ठीखाली रेघ मारली. "चारपैकी चार चुकीची. मुलीने दार बघितलं आणि बाकीचं जिन्यात बसून भरलं. वेळ दिल्याबद्दल आभार."

"मग आता तिचं काय?"

"शिक्का बसेल. तिचे वीसच्या वीस फॉर्म जातील. वर्ष वाया."

"ती काय म्हणते पण?"

"चिठ्ठी उतरवणाऱ्या पोराला ही उत्तरं खोटी वाटली, तेव्हाच तिला विचारलं होतं. एका काकांनी सगळं सांगितलं, म्हणते. सगळेच म्हणतात. दोनदा रडली माझ्यासमोर." ताई फाइलची नाडी बांधायला लागल्या. "रडण्यावरून काही ठरत नाही."

शेजारचं दार घेतलं, हे त्या पोरीने सांगितलं नव्हतं. ते नियमाबाहेर होतं ना. छोटी चूक लपवायला गेली आणि मोठीत सापडली. पाच आठवडे मी तरी दुसरं काय केलं होतं?

"ताई," मी म्हटलं, "ती खोटं बोलत नाहीये. उत्तरं खरी आहेत. घर दुसरं आहे."

"कशावरून?"

"मी तिला समोर पाठवलं होतं. तुमची बेल मीच दाबली."

ताईंनी फाइल पुन्हा उघडली. चिठ्ठी काढली आणि वरपासून वाचली. ह्या वेळी ओठ हलत होते, आवाज नव्हता. आत कुकरची शिट्टी झाली. हे उठले, पेपराची घडी घातली आणि न सांगता स्वयंपाकघरात गेले.

"बल्ब मीच बदलते," ताई म्हणाल्या.

मग त्या आत आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. चप्पल काढायची राहिली. मी काही बोलणार, तर त्यांनी हाताने थांबवलं. आधी काम. चारही 'नाही'वर एक आडवी रेघ मारून त्यांनी खाली लिहिलं, 'मुलाखत झाली आहे. दार चुकीचं.' मला वाचून दाखवलं, माझी सही घेतली, तारीख घातली.

"तिचे एकोणीस राहतील. हा एक रद्द," त्या म्हणाल्या. "उद्या तिला सांगते. शेजारचं दार घेतल्याबद्दल बोलणी खाईल, ती खाऊ दे."

"ताई, मी खरंच..."

"मी तुला विचारलं होतं. आवाज आला का म्हणून."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं.

त्यांनी पिशवीतून खाकी पाकीट काढलं, फोडलं आणि फॉर्म चाळू लागल्या. आकडे तेवढे बघत होत्या, बाकी पान हाताने झाकून. चिठ्ठीवरचा सदतिसावा निघाला. तो त्यांनी मधल्या टेबलावर पालथा ठेवला. चार पानं, कोपऱ्यात टाचणी. मागच्या कोऱ्या बाजूला कपाचा गोल डाग होता. भाऊजींनी त्या मुलीला चहा दिला होता तर.

"रद्द झालेल्याचं काय करतात?" मी विचारलं.

"फाडतात. उद्या सगळे रद्द फाडायचे आहेत."

"मग आज वाचून घ्या ना ताई. तुमच्याच घरातलं आहे."

"म्हणूनच नाही. पहिली ओळ तुला पाठ आहे."

पाठ होतीच. 'तुमची उत्तरं तुमच्या घरातल्या कोणालाही सांगितली जाणार नाहीत.' ही ओळ पूर्वी नव्हती. खूप वर्षांपूर्वी एका मुलाने एका सुनेची उत्तरं तिच्या सासूला सांगितली होती, गंमत म्हणून. त्या सुनेचं पुढे काय झालं, हे ताई कधी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या वर्षापासून ओळ आली, आणि ती मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पहिला प्रश्न विचारायचा नाही, हा नियम आला.

"तिने त्याला ती वाचून दाखवली असणार," ताई म्हणाल्या. "त्याने बरं म्हटलं असणार. तेव्हाच सांगायला लागला असेल."

हे बाहेर आले. हातात कप होता. अर्धा चहा बशीत सांडलेला, आणि रंगावरून साखर किती पडली असेल देव जाणे. त्यांनी तो ताईंच्या समोर ठेवला, फॉर्मपासून लांब, आणि पुन्हा आत गेले. ताईंनी कप दोन्ही हातांत धरला. प्यायल्या नाहीत, पण खालीही ठेवला नाही. न्हाणीघरातलं पाणी थांबलं. लेक आतून टॉवेल मागत होती, तिला कोणी ओ दिली नाही.

मी पालथ्या फॉर्मकडे बघत होते, त्याही तिकडेच बघत होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि एका बोटाने फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"पहिल्या पानावर, डाव्या कोपऱ्यात दोन वेळांची नोंद असते," त्या म्हणाल्या. "सुरू केल्याची आणि संपल्याची. मुलगी घड्याळात बघून लिहिते. त्या वेळा उत्तरांत धरत नाहीत, त्या त्याने सांगितलेल्या नसतात." त्यांनी मान दाराकडे वळवली, त्यांच्या दाराकडे. "बाकीचं काही वाचू नकोस. संपल्याची वेळ तेवढी मला सांग."